बारा रुपयांचा टोन आणि तीन हजार आठशेचं अर्थिंग

आधी माझी पात्रता सांगतो. बारावी कॉमर्स, लातूरच्या एका डाळमिलमध्ये हिशेबनीस, लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. सोल्डरिंगची इस्त्री मी जून २०२४ पर्यंत हातात धरलेली नव्हती. खाली जे काही आहे ते जून ते सप्टेंबर या काळात धडपडत शिकलेलं आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला टोनचा नॉब बसवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर त्याचे दोन-चार हेलपाटे वाचावेत म्हणून लिहितोय. (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायची तसली, तापून चालणारी काचेची नळी.)

अ‍ॅम्प घेतला तो मे महिन्यात, पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून, चौदा हजारांना. त्याने तो स्वतः जोडलेला होता. नकाशा फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या चँप अ‍ॅम्पचा: पुढे एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल दोन टप्प्यांत वाढवणारा व्हॉल्व्ह), मागे एकच ६व्ही६ (स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह), पाचेक वॅट आणि आठ इंची स्पीकर. फक्त एसीची डीसी करणाऱ्या मूळच्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी त्याने साधे डायोड टाकले होते. हे डायोड पुढे मला महागात पडणार होते, पण तेव्हा कळत होतं कुठं. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये पेटी मांडीवर घेऊन आलो, डिकीत ठेवायची हिंमत झाली नाही.

या अ‍ॅम्पला नॉब एकच, व्हॉल्यूम. टोन नाहीच. पुण्यात त्या माणसाच्या घरी गाद्या, पुस्तकं, पडदे होते, तिथं आवाज गोड लागला. माझ्या खोलीत वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. पहिली तार छेडली की कानात टाचणी जायची. गिटारचा टोन कमी करून पाहिला, तर स्वच्छ सूर आंधळे व्हायचे आणि आवाज जरा चढवून फोडला की बोच परत हजर, कारण ती टोकदार किनार अ‍ॅम्पच्या आतच तयार होत होती. स्पीकरवर टॉवेल टाकला. टॉवेल चार दिवस टिकला, मग आईने तो धुवायला नेला. जाताना म्हणाली, "ह्याला आपल्या रेडिओवानी जाड-बारीक करायचं बटन न्हाई का रे?"

मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. मी त्या दिवसांत व्हॉक्स एसी३० च्या 'कट' नॉबचा अभ्यास करत होतो. त्यात दोन विरुद्ध दिशेच्या सिग्नलांच्या मध्ये एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आणि एक पॉट (नॉबने रोध कमी-जास्त करणारा रेझिस्टर) असतो. नॉब पुढे फिरवला की तीव्र सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वहीत सुंदर आकृती काढली. आठवडाभराने लक्षात आलं की ही करामत जोडीने चालणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पात जमते. माझ्याकडं पॉवर व्हॉल्व्ह एकच. दुसरी बाजूच नाही, तर मध्ये काय बसवणार?

१६ जूनला, रविवारी, मागची फळी काढली. आत हात घालायच्या आधी घराचं अर्थिंग तपासायचं, असं वाचलं होतं. ११५० रुपयांचा मल्टिमीटर घेतला (हजार व्होल्टपर्यंत मोजणारा घ्या, स्वस्तातला नको). फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ आले. फेज आणि अर्थमध्येही साधारण तेवढेच यायला हवेत. आले ९६, आणि आकडा सारखा हलत होता. म्हणजे तीन पिनांच्या सॉकेटातलं तिसरं भोक शोभेचं होतं. एका पेटीत साडेतीनशे व्होल्ट, पेटीला लोखंडी तारांची गिटार जोडलेली, गिटार माझ्या हातात आणि अर्थ नाही! महिनाभर मी तसाच वाजवत होतो.

वायरमन शोधला. जूनचा महिना, पहिल्या पावसाने निम्म्या गावाची लाईन बिघडलेली. "उद्या येतो" म्हणत तो बरोबर बारा दिवसांनी, २९ जूनला आला. अंगणात खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला तोंड, तिथून जाड तार थेट बोर्डापर्यंत. ३८०० रुपये. नॉब बसवायचा अख्खा खर्च मिळून या आकड्याच्या निम्माही झाला नाही. पण हा खर्च गिटारच्या खात्यात धरू नका, घरखर्चात टाका. मी तसाच टाकला, बायकोनेही हरकत घेतली नाही. तिच्या वॉशिंग मशीनला हात लावला की बसणारा बारीक झटका त्या दिवसापासून बंद झाला.

आता ७ जुलैचं सांगतो. हा भाग घाईने वाचू नका.

अ‍ॅम्पमधले मोठे फिल्टर कपॅसिटर वायर काढल्यावरही विजेने भरलेले राहू शकतात, हे मला माहीत होतं. मला असंही माहीत होतं की अ‍ॅम्प चालवून बंद केला तर गरम व्हॉल्व्हच ती वीज हळूहळू पिऊन टाकतात. तेव्हा बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलं की झालं, असं मी मनाशी ठरवून टाकलेलं. त्या दिवशी पायलट दिवा लागतो का ते बघायला स्विच दाबला, लागला, लगेच बंद केला. दोन सेकंद. वायर भिंतीतून काढली, चहा पिऊन आलो. सहज म्हणून मीटर लावला: ३१६ व्होल्ट.

झालं होतं असं. डायोडना गरम व्हावं लागत नाही, त्यांनी स्विच दाबताक्षणी कपॅसिटर काठोकाठ भरले. व्हॉल्व्ह मात्र थंडच होते, त्यांनी एक घोटही घेतला नाही. चहा, बिस्किटं, वर्तमानपत्र होईपर्यंत ती वीज तिथंच माझी वाट बघत बसलेली. मीटर न लावता बोट लावलं असतं तर हे लिहायला मी राहिलो असतो की नाही, सांगता येत नाही. हात इतका थरथरत होता की त्या दिवशी पुढं काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिलमधून येताना १० किलोओहमचा, १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर आणला. त्याच्या एका टोकाला मगरचिमटा लावलेली तार, दुसऱ्या टोकाला जाड रबरी मुठीची सळई. चिमटा चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला), सळई कपॅसिटरच्या अधिक टोकाला, दहा सेकंद धरायची. मग मीटर. मीटरवर पाचच्या खाली आकडा दिसल्याशिवाय हात आत जात नाही, आणि गेला तरी डावा हात खिशात. एकूण ३५ रुपयांचं हत्यार. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करणारे बहाद्दर आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

एवढं झाल्यावर एकट्याने पुढं जायची छाती नव्हती. ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याने सांगितलं, गंजगोलाईच्या एका गल्लीत एक चाचा आहेत, व्हॉल्व्हचे रेडिओ करायचे. १७ जुलैला मिल बंद म्हणून गेलो, तर चाचांचंही दुकान बंद. आषाढी आणि मोहरम त्या वर्षी एकाच दिवशी आले होते. शनिवारी, २० तारखेला, परत गेलो. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातला बरोबर रस्ता सापडायला अर्धा तास गेला.

दुकान म्हणजे सहा बाय आठची खोली. समोर मिक्सर, पंखे, मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर. मागच्या फळीवर मात्र लाकडी पेट्यांचे तीन रेडिओ आणि बिस्किटाच्या डब्यात कापसात गुंडाळलेले व्हॉल्व्ह, त्यातले बरेचसे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, ज्यांना सगळे 'बेल' म्हणतात. मी १२एएक्स७ म्हणालो तर चाचा दोन क्षण थांबले. "ईसीसी त्र्याऐंशी बोलो ना." एकच व्हॉल्व्ह, अमेरिकेत एक नाव, युरोपात दुसरं. एक बेलचा उचलून त्यांनी खिडकीकडं धरला आणि काचेच्या शेंड्यावरचा चंदेरी डाग दाखवला. तो डाग पांढरा पडला की आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. एवढं कळायला मीटर लागत नाही.

मी वही पुढं केली. व्हॉक्सवर काट मारून मी आता नवा बेत आखला होता: पॉवर व्हॉल्व्हच्या तोंडाशी कपॅसिटर आणि पॉट बसवून तीव्र सूर जमिनीत (म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला) सोडायचे. चाचांनी चष्मा वर केला आणि माझ्याच आकृतीतल्या एका रेषेवर बोट ठेवलं. ती स्पीकरवरून मागं, दुसऱ्या टप्प्याकडं जाणारी फीडबॅकची तार होती.

"ये देखो. तुम इधर काटते, ये उधर से वापस भर देता. झगडा कायकू?"

हिशेबाच्या माणसाला हे पटकन कळलं. एका खात्यात मी रक्कम वजा करायची आणि दुसऱ्या माणसाने ती फरकाची नोंद म्हणून परत जमा करायची. पूर्ण भरपाई होत नाही, पण माझी निम्मी मेहनत वाया जाते. चाचांचं म्हणणं, टोन या चक्राच्या बाहेर ठेवायचा: पहिल्या टप्प्यानंतर, व्हॉल्यूमच्या वरच्या पायावर. तिथून एक कंडेन्सर (कपॅसिटर हा शब्द ते वापरत नाहीत), त्याच्या पुढं कंट्रोल, कंट्रोलचं दुसरं टोक जमिनीला. "ऊँची आवाज इसमें से उतर जाती, भारी को रस्ता नै मिलता. रेडिओ का टोन है ये. तुम्हारे घर में था के नै रेडिओ?"

होता. आमच्या घरी होता, लायसनचं पुस्तक पोस्टात नेऊन शिक्के मारून आणायचे तेव्हापासूनचा. उजवीकडचा नॉब. आजोबा परभणी केंद्राच्या बातम्यांना तो पूर्ण डावीकडं ठेवायचे, खरखर कमी यावी म्हणून. आईला मी त्या रात्री हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय बोलले व्हते?"

कपॅसिटर केवढा घ्यायचा, ही पुढची पायरी. गिटारच्या आतल्या टोनला बरेच जण ०.०२२ मायक्रोफॅरडचा वापरतात, म्हणून मी तोच मागितला. चाचांनी तो दिला, शिवाय मला न विचारता आणखी दोन दिले. तिन्ही ६३० व्होल्टचे, बारा रुपयाला एक. अंगावर छापलेले आकडे असे वाचायचे: २२३ म्हणजे बावीसपुढे तीन शून्य, २२,००० पिकोफॅरड. ४७२ म्हणजे ४,७००. २२२ म्हणजे २,२००. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद, रेझिस्टर, मीटर आणि मगच चिमटा बदलायचा, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. पैसे कपॅसिटरचे छत्तीसच घेतले, सल्ल्याचे नाही.

२८ जुलैला चाचणी. २२३ लावला, पॉट पूर्ण डावीकडं, आणि आवाज एकदम गोधडीखाली. चुलीमागं बसून कुणी वाजवतंय असं वाटावं. कारण नंतर गणितात सापडलं. पहिल्या टप्प्याचा अंतर्गत रोध साधारण ३८ किलोओहम भरतो: शंभराचा प्लेट रेझिस्टर आणि व्हॉल्व्हचा स्वतःचा बासष्टेक, दोन्ही समांतर. त्यावर २२,००० पिकोफॅरड लावला की कापणी १९० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. गिटारची सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली तरी ३३० हर्ट्झची असते. म्हणजे मी किनार कापत नव्हतो, सूरच कापत होतो. ४७२ ला हा आकडा ८९० च्या आसपास येतो. बरा होता, पण थोडा सुस्त. २२२ ला १,९०० च्या आसपास. टाचणी गेली, तार राहिली. मी बराच वेळ तेच चार कॉर्ड वाजवत बसलो.

स्पीकर आणि खोलीप्रमाणे ही निवड बदलेल. कुणाचा बारा इंची स्पीकर असेल, गाद्या-पडद्यांची खोली असेल, तर त्याला हजार पिकोफॅरडचाही पुरेल. चाचणी न करता टांका मारू नका, एवढंच.

पॉट २५० किलोओहमचा लागणार होता आणि तो लॉग (रोध आधी हळू, मग भरभर वाढवणारा) हवा होता, म्हणजे अंगावर 'ए' अक्षर छापलेला. 'बी' म्हणजे लिनिअर, फेरीभर सारखाच वाढवणारा. लातुरात 'बी' सगळीकडं, 'ए' कुठंच नाही. २९ जुलैला एका ऑनलाइन दुकानात 'ए' मागवला, १४० रुपये अधिक ८० कुरिअर. ३ ऑगस्टला पाकीट आलं. फोडलं तर पॉटवर छापलेलं: बी२५०के. फोन केला तर म्हणाले, पाकीट फोडतानाचा व्हिडिओ पाठवा. दीडशे रुपयांच्या वस्तूचं पाकीट फोडताना कोण व्हिडिओ काढतो? मग मेल, मग तक्रार क्रमांक, मग दोन्ही बाजूंचे फोटो, मग "तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे". नऊ दिवसांनी, १२ ऑगस्टला, १४० रुपये परत आले. कुरिअरचे ८० गेले ते गेलेच. आता मी दोनशे रुपयांचं पाकीटही व्हिडिओ लावूनच फोडतो, मुलं हसतात.

त्या मधल्या दिवसांत 'बी' पॉट लावून पाहिला. नॉब उजवीकडून फिरवत आणला तर निम्म्याच्या खाली येईपर्यंत फरक कळतच नाही आणि मग शेवटच्या बोटभर जागेत सगळा टोन एकदम कोसळतो. जो काही परिणाम आहे तो रोध पन्नास-साठ किलोओहमच्या खाली आला की होतो, आणि लिनिअर पॉटात तेवढी जागा म्हणजे फेरीचा चौथा हिस्सा. लॉग पॉट मध्यावरच दहा-पंधरा टक्क्यांवर असतो, त्यामुळं तोच परिणाम अर्ध्या फेरीत ऐसपैस पसरतो. जोडणी मात्र अशी हवी की उजवीकडं फिरवलं की रोध वाढेल, आवाज उजळेल. उलट जोडलात तर 'ए' पॉट 'बी' पेक्षाही वाईट वागेल.

शेवटी पुण्यात शिकणाऱ्या मावसभावाला तपकीर गल्लीत पाठवलं. त्याने दहा मिनिटांत ९० रुपयांना 'ए' घेतला आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिला. ड्रायव्हरचे शंभर. २२ ऑगस्टला पहाटे साडेपाचला स्टँडवर जाऊन घेतला. कुरिअरपेक्षा हे बरं.

पॉट बसवायचा कुठं? चॅसिसला भोक पाडायचं म्हटलं की पोटात गोळा, धातूचा कीस एखाद्या सॉकेटमध्ये पडला तर संपलंच. पण चँपच्या नकाशात गिटारसाठी दोन जॅक असतात, आणि दुसरा जॅक मी जन्मात वापरलेला नव्हता. तो काढला, त्याचा ६८ किलोओहमचा रेझिस्टर डब्यात जपून ठेवला, आणि त्याच भोकात पॉट बसला. उद्या अ‍ॅम्प विकायचा झाला तर अर्ध्या तासात पूर्ववत.

२५ ऑगस्टला टांके मारले. एकूण तीन. पहिला टांका गोळीसारखा जमला, त्याला थंड टांका म्हणतात, पुसून परत मारला. इस्त्री आधी जोडाला टेकवायची, जोड तापला की मग त्याला शिसं लावायचं. मी शिसं इस्त्रीवर वितळवून जोडावर थापत होतो. अ‍ॅम्प चालू केला. टोन उत्तम. आणि पाठीमागे घुंऽऽऽ.

आठवडाभर ही घरघर छळत होती. आधी पॉटची जमीन बदलली. मी ती जवळच्याच स्क्रूवर घेतली होती, ती काढून व्हॉल्यूमच्या जमिनीच्या बिंदूवरच नेली. घरघर निम्मी झाली. १ सप्टेंबरच्या रविवारी बाकीची काढायची ठरवली, तर मराठवाडाभर पाऊस कोसळत होता. दिवसभर लाईट नाही, दुसऱ्या दिवशी पोळा, तेव्हाही येऊन-जाऊन. ४ तारखेला रात्री कुल्फीच्या कोरड्या काडीने, चालू अ‍ॅम्पमध्ये, एकेक तार हळूच ढकलून पाहिली (डावा हात खिशात, पायात रबरी चप्पल). नव्या तारेला काडी लागताच घरघर कमी-जास्त व्हायची. ती तार पायलट दिव्याच्या तारांना बिलगून गेली होती, आणि त्या तारांत सतत एसी. वीस सेंटिमीटर शील्डेड वायर टाकली, जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडली, रस्ता दिव्यापासून लांबून काढला. घरघर गेली. जी उरली ती आधीही होती.

७ सप्टेंबरला गणपती बसले. गल्लीच्या मंडळात आरतीनंतर वाजवलं, नॉब तीनच्या जरा वर. मांडव पत्र्याचाच. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका उठून गेल्या नाहीत, हे माझ्या दृष्टीनं पुष्कळ झालं.

विसर्जन आणि मुक्तिसंग्राम दिन त्या वर्षी एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला होते. त्याच्या नंतरच्या शनिवारी अ‍ॅम्प रिक्षात घालून चाचांना दाखवायला नेला. त्यांनी आधी पाठ उलटी करून टांके बघितले. एका टांक्यावर नख फिरवलं, काही बोलले नाहीत. मग मला वाजवायला सांगून स्वतः नॉब उजवीकडून डावीकडं सावकाश नेला आणि अगदी टोकाला नेऊन थांबवला.

"हौ. अब खबरां लगाओ."

चहा त्यांनी मागवला. निघताना नॉबची टोपी मात्र त्यांच्याकडंही जुळणारी निघाली नाही. व्हॉल्यूमची काळी आहे, टोनला सध्या त्यांच्याच एका रेडिओची पिवळट टोपी बसवली आहे. ती थोडी सैल आहे, आत कागदाची घडी घातली आहे.